एका लाल ठिपक्याचा ‘ध’चा ‘मा’

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या पंधरा ऑगस्टला सकाळी सव्वासातला एक फोटो आला. मामेभावाने पाठवलेला. पाच तरुण भारतीय वैमानिक एका लढाऊ विमानासमोर उभे, एकाच्या डोक्यावर पगडी, एकाच्या हातात सिगारेट. आकाश निळंशार, गवत हिरवंगार, गालांवर गुलाबी छटा. खाली ओळ: ‘बॅटल ऑफ ब्रिटन, १९४०. लंडन वाचवणारे आपले वीर. शाळेत कधी शिकवलं का?’ साडेसातपर्यंत सतरा नमस्कार, नऊ तिरंगे, आणि आत्याचा ‘डोळे पाणावले’ असा निरोप.

मी झूम केलं. ही माझी वाईट सवय आहे. लहानपणी प्लॅस्टिकच्या विमानांचे किट जोडून बोटं डिंकाने चिकटवून घेतलेला मी माणूस. लोक फोटोत चेहरे बघतात, मी पंखांच्या कडा बघतो.

विमान हरिकेन होतं, एवढं खरं. पण पंखांच्या पुढच्या कडेतून तोफांच्या चार लांब नळ्या बाहेर आल्या होत्या, प्रत्येक बाजूला दोन. १९४० च्या हरिकेनला तोफा नव्हत्या, पंखांत लपवलेल्या आठ मशीनगन होत्या. त्यांची तोंडं कडेच्या बाहेर येत नसत, उलट उड्डाणाआधी त्यांच्यावर कापडाच्या पट्ट्या चिकटवत. चार तोफांचं हरिकेन नंतरचं, टू-सी नावाचं. मग नाकाखालचा फुगीर डबा. तो धूळ गाळणारा फिल्टर, उष्ण आणि धुळीच्या मुलखासाठी बसवलेला. केंटच्या हिरव्या कुरणात त्याचं काय काम? आणि प्रोपेलरला चार पाती. हरिकेनला तीन असतात.

शेवटी विमानाच्या अंगावरचं गोल चिन्ह, ज्याला राउंडेल म्हणतात. बाहेर निळं, मध्ये लालभडक ठिपका. इथे मी मोबाइल खाली ठेवला आणि मूळ फोटो शोधायला लॅपटॉप उघडला.

अर्ध्या तासात तो एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावर सापडला. कृष्णधवल, थोडा ओरखडलेला. पाती तीन. ठिकाण ब्रह्मदेशची आघाडी. आणि राउंडेलच्या मध्यभागी लाल तर सोडाच, गडद काहीच नाही. बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट राखाडी. कुणीतरी हा फोटो ‘एआयने जिवंत’ केला होता, आणि जिवंत करताना त्या विमानावर शत्रूची खूण रंगवून ठेवली होती.

हे वाक्य मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. धावपळीत, ढगांतून, घामाने चिकट झालेल्या गॉगलमधून वर बघणाऱ्या तोफचीला लाल दिसलं की शत्रू दिसायचा. म्हणून १९४२-४३ मध्ये भारत आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरून लाल रंग हटवला गेला. शेवटी ठरलं ते गडद निळं वर्तुळ आणि आत फिकट निळा ठिपका. अमेरिकनांनीही याच कारणासाठी मे १९४२ मध्ये आपल्या पांढऱ्या ताऱ्याच्या पोटातला लाल ठिपका काढून टाकला. वर्षभराने, जून १९४३ च्या अखेरीस, त्यांनी ताऱ्याला दोन बाजूंना पट्ट्या जोडल्या आणि भोवती लाल किनार दिली. काही महिन्यांत ती किनारही निळी करून टाकली. त्या काळात लाल म्हणजे मरण होतं, आणि ते आपल्याच माणसाच्या गोळीने येऊ शकत होतं.

मी ग्रुपवर हे सगळं, जमेल तितकं गोड करून, लिहिलं. मामेभावाचं उत्तर आलं: ‘अरे दादा, भावना बघ ना. ठिपक्याचं काय घेऊन बसलास?’ खाली तीन हसरे चेहरे. या लेखातलं माझं भांडण या वाक्याशी आहे.

आपल्या भाषेत एका अक्षराची किंमत सांगणारी आख्यायिका आहे. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका खरी की नाही यावर इतिहासकार वाद घालोत. पण ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार आपण टिकवला, कारण लहानशी खाडाखोड माणूस मारू शकते हे आपल्याला कळतं. ते चिठ्ठीच्या बाबतीत कळतं. फोटो आला की मात्र आपण भावना बघतो.

तपशील ओळखणं हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असं वाटत असेल, तर ६ सप्टेंबर १९३९ ची सकाळ बघा. ब्रिटनने युद्ध पुकारून तीन दिवस झाले होते. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर चुकीचा इशारा वाजला. ५६ नंबरच्या स्क्वाड्रनची हरिकेन वर गेली, ७४ नंबरची स्पिटफायर वर गेली, आणि स्पिटफायरवाल्यांनी हरिकेनना जर्मन समजून गोळ्या घातल्या. दोन विमानं पडली. मॉन्टेग्यू हल्टन-हॅरप नावाचा तरुण वैमानिक ठार झाला. स्पिटफायरने पाडलेलं पहिलं विमान आपल्याच बाजूचं होतं. त्यानंतर ब्रिटनमध्ये विमानांच्या छायाकृती ओळखण्याचं वेडच पसरलं: तक्ते, पत्त्यांचे जोड, शाळकरी पोरांचे क्लब. त्या वेडाच्या मुळाशी हल्टन-हॅरपसारखी मरणं होती.

दुसरं उदाहरण जास्त आशेचं. लंडनच्या पश्चिमेला मेडमनम नावाच्या ठिकाणी हवाई फोटो वाचणारे लोक बसत. त्यांच्यात विमानांचा विभाग सांभाळणारी कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ होती. २८ नोव्हेंबर १९४३ ला एका मॉस्किटो विमानाने जर्मनीच्या पीनेमुंडे तळाचे फोटो आणले. त्यांतल्या एकात समुद्रकाठच्या उतरत्या रॅम्पवर तिला भिंगातून कुसळाएवढी आकृती दिसली: आखूड पंखांचं, बिनवैमानिकाचं एक छोटं विमान. ते व्ही-वन होतं, उडता बॉम्ब. फ्रान्सच्या उत्तर भागात ठिकठिकाणी बांधले जाणारे तसलेच रॅम्प कशासाठी आहेत ते त्यावरून पक्कं झालं. लंडनवर पहिले व्ही-वन पडले १३ जून १९४४ ला. तोवर ते कुठून येणार आणि कसे उडणार हे ब्रिटिशांना माहीत होतं. आज तोच फोटो कुणी ‘एन्हान्स’ केला, तर त्या कुसळाचं काय होईल? मशीन त्याला धूळ समजून पुसेल, किंवा ओळखीचं काहीतरी समजून मोठं, सुंदर, चुकीचं विमान काढेल. दोन्हींत बॅबिंग्टन स्मिथ आंधळी होते.

आता तुम्ही म्हणाल, जुने फोटो तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होते? नव्हतेच. म्हणून तर ते वाचावे लागतात. ब्रिटिश सेन्सॉर वर्तमानपत्रांत जाणाऱ्या फोटोंवरून स्क्वाड्रनची अक्षरं खरवडून टाकत आणि रात्रीच्या लढाऊ विमानांवरच्या रडारच्या काड्या पुसत. त्यामुळे विमानाच्या अंगावर अक्षरं दिसत नसली तर ती रंगवलीच नव्हती, की नंतर कुणी खोडली, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. जर्मन सैन्याच्या तर खास प्रचार-तुकड्या होत्या. हसरा, केस उडणारा, कॉकपिटच्या काठावर बसलेला जर्मन वैमानिक त्यांच्याच कॅमेऱ्यांनी आपल्यापर्यंत पोहोचवला. तो फोटो आज रीलवर धिम्या संगीतासह फिरतो, तेव्हा फिरवणाऱ्याला माहीत नसतं की तो गोबेल्सच्या खात्याचं काम फुकटात करतोय.

आणि मग सिनेमा. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ नावाचा चित्रपट १९६९ मध्ये आला. त्यासाठी जर्मन मेसरश्मिट विमानं हवी होती. स्पेनच्या हवाई दलाकडे तसलीच दिसणारी विमानं होती, मेसरश्मिटच्याच आराखड्यावर बांधलेली, पण इंजिन ब्रिटिश: रोल्स-रॉइस मर्लिन. म्हणजे स्पिटफायर आणि हरिकेनमध्ये असायचं तेच. चित्रपटवाल्यांनी पंखांची गोल टोकं कापून चौकोनी केली, शेपटीखाली खोट्या आधारकाड्या लावल्या, कारण १९४० च्या मेसरश्मिटला तसं असायचं. पण इंजिन कसं लपवणार? जर्मन इंजिन उलटं बसवलेलं असे, त्यामुळे एक्झॉस्टच्या नळ्या नाकाच्या खालच्या अंगाला दिसत. मर्लिन सुलटं, म्हणून नळ्या वर, जवळजवळ वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत. शिवाय प्रोपेलरला तीनऐवजी चार पाती, आणि नाकाखाली असा फुगवटा की स्पॅनिश लोकांनी विमानाला गळा फुगवणाऱ्या कबुतराचं नाव दिलं, ‘बुचोन’. या चित्रपटातली दृश्यं ‘दुर्मिळ खरे फोटो’ म्हणून माझ्याकडे आतापर्यंत किती वेळा आली याची गणती मी सोडून दिली आहे. ती पकडायला पदवी लागत नाही. नळ्या वर की खाली, एवढंच बघायचं.

आता रंगाकडे वळतो, कारण खरी लबाडी तिथे आहे. कृष्णधवल फोटोतल्या एका राखाडी छटेमागे पाच वेगळे रंग असू शकतात. त्या काळी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे. लाल काळा येई, पिवळा गडद होई, निळा मात्र फिकट पडे. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर हिशेब बदलतो, त्यात छायाचित्रकाराने भिंगापुढे फिल्टर लावला असेल तर पुन्हा बदलतो. म्हणजे रंग फोटोच्या आत नसतोच. तो बाहेर असतो: हुकमांच्या कागदात, तुकडीच्या नोंदवहीत, गंजलेल्या पत्र्यावर उरलेल्या पापुद्र्यात.

सॉफ्टवेअरला हे कागद माहीत नसतात. त्याने ज्या प्रकारचे फोटो जास्त पाहिले, त्यांची त्याला सवय. ब्रिटिश राउंडेल म्हटलं की मध्ये लाल, ही त्याची सवय. म्हणून ब्रह्मदेशच्या विमानाला त्याने इंग्लंडचा टिळा लावला. मी याला रंग भरणं म्हणत नाही. ज्याचे फोटो जास्त त्याचा इतिहास ज्याचे फोटो कमी त्याच्यावर सारवणं, असं मी त्याला म्हणतो. आणि सांगायला नको, फोटो कमी कुणाचे आहेत.

जर्मन तुकड्यांत विमानावरच्या आकड्याचा रंगच पत्ता सांगायचा. प्रत्येक ‘ग्रुपे’मधल्या पहिल्या तुकडीला पांढरा, दुसरीला लाल किंवा काळा, तिसरीला पिवळा. ‘पिवळा १४’ आणि ‘पांढरा १४’ ही दोन वेगळी विमानं, दोन वेगळी माणसं. अमेरिकेच्या ३३२ नंबरच्या फायटर ग्रुपचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. हे कृष्णवर्णीय वैमानिक, टस्कीगीत शिकलेले. त्यांच्याच देशाच्या सैन्याने त्यांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवलं होतं. त्यांच्या मस्टँग विमानांच्या शेपट्या लाल होत्या. मार्च १९४५ मध्ये इटलीतल्या रामितेली तळावर टोनी फ्रिसेल या छायाचित्रकार बाईंनी त्यांचे सुंदर फोटो काढले. त्यांतल्याच एकाची ‘रंगीत’ आवृत्ती मला एकदा दिसली. शेपटी निळसर करडी. ज्या एका रंगाने ही माणसं आकाशात दुरून ओळखू येत, नेमका तोच गेला होता. खाली हजारो लाइक्स.

आणि आकडे? मशीनला अक्षरं नीट काढता येत नाहीत, तेव्हा ते आकड्यासारखं दिसणारं काहीतरी काढतं. ‘कोण बघतंय?’ असं वाटत असेल, तर ऑगस्ट १९४० च्या मध्यावर लंडनच्या पूर्वेला ग्रेव्हसेंडच्या धावपट्टीवर काढलेला एक फोटो आठवतो. ५०१ नंबरच्या स्क्वाड्रनची दोन हरिकेन गवतावरून उड्डाण घेताहेत. त्यांच्यावर अक्षरं आहेत, आणि क्रमांक आहेत: पी ३०५९ आणि पी ३२०८. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर झळकलेलं दृश्य. पण क्रमांक वाचता येतात म्हणून पुढचं कळतं. १८ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या दोन-तीन दिवसांनी, गेरहार्ड श्योप्फेल या जर्मन वैमानिकाने याच स्क्वाड्रनची चार हरिकेन काही मिनिटांत पाडली. पी ३०५९ पडलं, त्याचा वैमानिक जखमी झाला. त्याच दिवशी पी ३२०८ पडलं, त्याचा वैमानिक मेला. फोटोतल्या कॉकपिटमध्ये नेमका तोच बसला होता असं मी म्हणत नाही, विमानं वाटून वापरली जात. पण त्या पाच खुणांमुळे एक देखणं चित्र एका ठरावीक तारखेच्या मरणाला जोडलं जातं. खुणा वितळल्या की उरतं वॉलपेपर.

आता माझ्याच जातकुळीला चार शब्द. रिवेट मोजणाऱ्या आमच्या जमातीत माजोरीपणा भरपूर आहे. कोवळ्या पोराने चुकीचं नाव लिहिलं की त्याच्यावर तुटून पडणारे आम्हीच. जर्मन विमानाच्या ठिपकेदार रंगसंगतीवर तासभर बोलू, पण त्या विमानांच्या संरक्षणाखाली वॉर्सा आणि बेलग्रेडवर पडलेल्या बॉम्बखाली कोण होतं यावर मिनिटभर नाही. हा तपशीलाचा दोष नाही, तपशील अर्ध्यावर सोडण्याचा दोष आहे. आणि चुका आम्हीही करतो. एका फोटोतल्या राउंडेलला बाहेरचं पिवळं कडं नाही, म्हणजे तो १९४० च्या वसंताआधीचा, असं मी एकदा छातीठोकपणे सांगितलं होतं. एका निवृत्त गृहस्थांनी शांतपणे विचारलं, ‘फिल्म कुठली होती?’ कडं होतं. पिवळं गडद होऊन विमानाच्या रंगात मिसळलं होतं. मी जाहीर माफी मागितली. मला मागता आली, कारण मूळ फोटो शाबूत होता. रंगवलेल्या फोटोत माझी चूक कायमची खरी ठरली असती.

विरोधी पक्षाचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. कृष्णधवल फोटो माणसांना लांब नेतो. रंग आला की विशीतलं पोर विशीतलं दिसतं, आजोबा वाटत नाही. माझ्या आत्याचे डोळे पाणावले ते खोटे नव्हते. मग रंगवा. हातात कागद घेऊन, एकेका छटेमागे आठवडा घालवून रंगवणारे लोक जगात आहेत. ते ‘मी रंगवलं’ असं लिहितात, मूळ फोटो शेजारी ठेवतात, चूक दाखवली तर दुरुस्त करतात. माझी तक्रार रंगाविरुद्ध नाही. न सांगता साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालण्याविरुद्ध आहे.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. वि. का. राजवाडे गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवर दप्तरं धुंडाळत फिरले, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडांमागून खंड छापली. कशासाठी? बखरीत रंग होता, पत्रात तारीख होती. त्यांनी तारखेची बाजू घेतली. अस्सल आणि बनावट कागद वेगळे करायला शाई, वळण, मायना, शिक्का बघायचा असतो, हे मराठी इतिहास संशोधनाने शंभर वर्षांपूर्वी घोटलं आहे. फोटोतला राउंडेल म्हणजे शिक्का. प्रोपेलर म्हणजे मायना. आपण तेवढंच करायचं आहे, आणि आपल्या खिशात राजवाड्यांना स्वप्नातही दिसलं नसतं असं भिंग आहे.

सगळ्यात चीड मला वेगळ्याच गोष्टीची येते. त्या खोट्या ओळीची गरजच नव्हती. १९४० च्या शरदात चोवीस भारतीय वैमानिक ब्रिटनला पोहोचले खरे, पण त्यांचं प्रशिक्षण चालू असतानाच ऑक्टोबरअखेर ती लढाई संपली. महिंदरसिंग पुजी त्यांतलेच. ते १९४१ मध्ये तिथल्या स्क्वाड्रनमधून हरिकेनवर लढले, पगडी बांधून उडाले, पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर आले. ग्रेव्हसेंडला त्यांचा पुतळा २०१४ पासून उभा आहे. आणि १९४४ मध्ये इंफाळला वेढा पडला तेव्हा अर्जनसिंगांची एक नंबरची स्क्वाड्रन हरिकेन घेऊन तिथूनच उडत होती. मेहरसिंगांची सहा नंबरची स्क्वाड्रन आराकानच्या जंगलावर खालून उडत शत्रूचे फोटो काढत होती. मेहरसिंगांना मिळालेला डीएसओ दुसऱ्या महायुद्धात दुसऱ्या कुणा भारतीय वैमानिकाला मिळाला नाही. विसंगती बघा: जे वैमानिक जीव धोक्यात घालून फोटो आणायचे आणि ज्यांच्या फोटोंतल्या कुसळावर कुणाचे तरी प्राण अवलंबून असायचे, त्यांचाच फोटो आपण कुसळं पुसून, पाती वाढवून, शत्रूचा ठिपका लावून, दुसऱ्याच्या लढाईत ढकलून दिला. त्यांना मान द्यायला निघालो आणि त्यांची लढाईच काढून घेतली. लंडन वाचवलं म्हणूनच त्यांची किंमत, इंफाळ वाचवलं याची नाही, असं तर आपल्याला म्हणायचं नाही ना?

पुढच्या वेळी असा फोटो आला तर फॉरवर्डच्या बाणावर बोट जाण्याआधी दोन बोटांनी झूम करा. पाती मोजा. एक्झॉस्ट वर की खाली बघा. आकडे वाचता येतात की नुसते आकड्यांसारखे दिसतात ते बघा. गोल चिन्हाच्या मध्यभागी काय आहे ते बघा. मग मूळ फोटो शोधा, आणि तो सापडला तर तोच पाठवा, ओरखड्यांसकट.

त्या दिवशी संध्याकाळी मामेभावाने फोटो पुन्हा टाकला. खालची ओळ बदलली होती: ‘ब्रह्मदेश, १९४४.’ मी अंगठा दाखवला. मग झूम केलं. लाल ठिपका तसाच होता.